कोष अडीच महिने झाले उघडत नाहीये, मेला असेल का? आणि थंडीत हे जीव जगतात तरी कसे?

पाकोळी · ११ जानेवारी

नमस्कार मंडळी, प्रश्न एकच आहे पण त्याला शेपूट बरंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे कुंडीत लिंबाचं झाड आहे आणि त्यावर दरवर्षी फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असतात तेव्हा हुबेहूब पक्ष्याची शीट पडल्यासारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. मी आणि माझी लेक (वय ९) त्यांच्या मागावर असतो, ती वहीत तारखा टाकते. सप्टेंबरमध्ये चार अळ्या कोषात गेल्या आणि दोन आठवड्यांच्या आत चारही फुलपाखरं उडून गेली. मग ऑक्टोबर संपता संपता अजून दोन अळ्या कोषात गेल्या आणि ते दोन कोष आज अडीच महिने झाले तरी जसेच्या तसे आहेत. एक कुंडीतल्या आधाराच्या काठीवर आहे, दुसरा भिंतीला टेकलेल्या वाळक्या फांदीवर. कमरेला रेशमाचा दोरा, बूड रेशमाच्याच ठिपक्यात रुतवलेलं, सगळं आधीच्या चौघांसारखंच, फक्त ते चार हिरवे होते आणि हे दोन वाळक्या काटकीच्या रंगाचे.

हात लावायची हिंमत होत नाही. गेले आठ-दहा दिवस पहाटे कुंडीतल्या मातीवर बर्फाची पातळ साय धरतेय. घरातले म्हणतात मेले असतील, काढून टाक. मला वाटतं आत आणून दिव्याजवळ ठेवावेत म्हणजे ऊब तरी मिळेल. आणि लेकीने विचारलं, "आई, तो हलत नाही, खात नाही, आत तर सगळं पाणीच भरलंय ना, मग त्याचा बर्फ का होत नाही?" मला खरंच उत्तर देता आलं नाही. कोणी नीट समजावून सांगेल का?

कीटकमित्र · ११ जानेवारी

पाकोळीताई, पहिली गोष्ट, दिव्याजवळ नेऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमचे कोष बहुतेक करून सुप्तावस्थेत आहेत, कीटकांचा अभ्यास करणारे याला डायपॉज म्हणतात. गारठ्याने अंग आखडणं वेगळं आणि हे वेगळं. गारठलेला किडा ऊन लागलं की पाच मिनिटांत चालायला लागतो, डायपॉजमधला कोष ऊन दाखवलं तरी हलत नाही कारण त्याचं थांबणं आतून हार्मोननी ठरवलेलं असतं. आणि खरी गंमत म्हणजे हे ठरतं कधी, तर थंडी पडायच्या कितीतरी आधी. अळी तुमच्या लिंबाची पानं खात बसलेली असते ना, तेव्हाच ती दिवस किती तासांचा आहे ते मोजत असते. दिवस आखडत चालले की तिच्या शरीरात ठरून जातं की यावेळी कोष झाला की पुढचं काम लगेच काढायचं नाही. तापमानावर विसंबून राहिलं तर फसायला होतं, चार दिवस गार पडतं आणि पाचव्या दिवशी परत उकडायला लागतं, पण दिवसाची लांबी दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. म्हणून सप्टेंबरचे चौघे उडाले आणि ऑक्टोबरचे दोघे थांबले. तुमच्या लेकीने तारखा लिहून ठेवल्या नसत्या तर हे एवढं स्वच्छ दिसलं नसतं, तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

रंगाचं म्हणाल तर बऱ्याच स्वॅलोटेल जातींत (तुमचं लिंबावरचं फुलपाखरू याच कुळातलं) थांबलेले कोष तपकिरी असतात, पण कोष कशावर बसलाय त्यावरही रंग ठरतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल लावू नका.

जिवंत आहे का ते असं बघा. मऊ ब्रश घ्या, रंगाचा चालेल, आणि पोटाच्या वळ्यांवरून अगदी हळू फिरवा. किंचित जरी वळवळला तर जिवंत. नाही वळवळला तर मेला असं मात्र समजू नका, थांबलेले कोष आळशीच असतात. मेलेला कोष हळूहळू वाळून हलका होतो आणि वळ्या ताणल्यासारख्या लांबट दिसतात, नाहीतर आत सडून काळपट मऊ पडतो. आणि भिंगातून एकदा भोकं आहेत का तेही बघून घ्या.

आता दिव्याजवळ का नको. १९४० च्या दशकात हार्वर्डमध्ये कॅरोल विल्यम्स नावाचे शास्त्रज्ञ सेक्रोपिया या मोठ्या पतंगाच्या कोषांवर काम करत होते. उबेत ठेवलेले कोष महिनोन्‌महिने तसेच पडून राहायचे, काही आठवडे थंडीत काढून मग उबेत आणलेले कोष मात्र वेळेत फुटायचे. त्यांनी काय केलं, थंडी खाल्लेल्या कोषातला मेंदू काढून उबेत पडून राहिलेल्या कोषात बसवला, आणि तो उबेतला कोष पतंग होऊन बाहेर आला. म्हणजे थंडी लागायला हवी ती मेंदूला. पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय तो मेंदू पुढे जायचा हार्मोन सोडतच नाही. सगळ्या जातींत हिशोब अगदी असाच असतो असं नाही, पण आपण दया येऊन कोष उबेला ठेवतो तेव्हा त्याची हीच थंडी काढून घेतो, आणि वर त्याची साठवलेली चरबी फुकट जळते ते वेगळंच.

तेव्हा बाहेरच राहू दे. थेट ऊन आणि थेट पाऊस लागणार नाही एवढं बघा. फार कोरडी हवा असेल तर आठवड्यातून एकदा पाण्याचा बारीक फवारा. जवळ एक खडबडीत काटकी उभी करून ठेवा, बाहेर आल्यावर त्याला चढून पंख खाली लोंबते ठेवावे लागतात, गुळगुळीत जागा असली की घसरून पडतं आणि पंख चुरगळलेलेच वाळतात.

निरभ्र · ११ जानेवारी

वाचून पोटात गलबललं. मी मागे असाच एक कोष तीन आठवडे वाट बघून मेला म्हणून कचऱ्यात टाकला होता. त्यालाही रंग हाच होता, वाळक्या काडीचा. मला कोणी सांगितलंच नव्हतं की थांबणं असाही एक प्रकार असतो. सगळीकडे अंडी-अळी-कोष-फुलपाखरू असं गोल चित्र बघून मोठे झालो आपण, त्या चित्रात थांबायला जागाच नाही. ताई तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत.

एक शंका, वाट बघायची तर किती? वसंत आला आणि तरी नाही फुटला तर?

कीटकमित्र · ११ जानेवारी

@निरभ्र, बहुतेक जण पहिल्या वसंतातच बाहेर येतात. पण काही जातींत त्याच आईच्या पिल्लांतले थोडे कोष आणखी एक वर्ष थांबतात, एक वर्ष वाईट गेलं तर सगळं घराणं बुडू नये म्हणून. याची टोकाची नोंद अमेरिकेतल्या एका युक्का पतंगाची आहे, जेरी पॉवेल यांनी जमवून ठेवलेल्या अळ्यांमधून काही पतंग २०, काही २५ आणि काही चक्क ३० वर्षांनी बाहेर आले. तीस वर्षं एक अळी न खाता न पिता बसून होती. त्यामुळे कचऱ्यात टाकायची घाई कधीच करू नये.

जुनी_वही · १२ जानेवारी

लेकीचा प्रश्न राहूनच गेला की, बर्फ का होत नाही. माझा आवडता विषय आहे म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी हे लक्षात घेऊ की पाणी शून्य अंशाला गोठतं हे आपण भांड्यातल्या पाण्याबद्दल बोलतो. बर्फाला सुरुवात व्हायला काहीतरी निमित्त लागतं, धुळीचा कण, एखादा जंतू, बर्फाचाच एखादा स्फटिक. निमित्तच मिळालं नाही तर अगदी छोटा शुद्ध थेंब उणे ३८-४० पर्यंत पातळच राहू शकतो. किड्याचं शरीर म्हणजे असा छोटा थेंबच समजा. म्हणून हिवाळ्याआधी पुष्कळ किडे पहिलं काम करतात ते म्हणजे पोट साफ. आतड्यात राहिलेलं अन्न, माती, जंतू यांच्याभोवतीच बर्फ धरतो, ते बाहेर टाकलं की निमित्त गेलं. कोषात जायच्या आधी अळी शेवटची एक मोठी ओलसर शी करते ते लेकीने पाहिलं असेलच, त्याचं मूळ कारण कायापालट आहे पण थांबणाऱ्या कोषाला थंडीतही ते कामी येतं.

दुसरं, रक्तात ग्लिसरॉल भरायचं. तेच ग्लिसरॉल जे साबणात आणि क्रीममध्ये असतं, पाण्यात मिसळलं की गोठणबिंदू खाली सरकतो, गाडीच्या रेडिएटरमध्ये जे अँटीफ्रीझ घालतात त्याच तत्त्वावर. अळीने उन्हाळ्यात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे अंगातला साखरेचा साठा, मोडून ते तयार होतं. काही जातींत याच्या जोडीला खास प्रोटीन असतात, ती बर्फाच्या बारक्या स्फटिकाला चहूबाजूंनी चिकटतात आणि त्याला मोठं होऊ देत नाहीत. अलास्कात लाकडाच्या सालीखाली एक लाल चपटा भुंगेरा राहतो, त्याच्या अळ्या हिवाळ्यात अंगातलं बरंच पाणी कमी करतात, ग्लिसरॉल भरतात, आणि प्रयोगात उणे १०० अंशांपर्यंत नेलं तरी काही अळ्यांमध्ये बर्फ झालाच नाही, अंगातलं द्रव काचेसारखं घट्ट झालं पण स्फटिक नाही.

हा झाला बर्फ टाळायचा रस्ता. दुसरा रस्ता बरोबर उलटा आहे, बर्फ होऊ द्यायचा. आणि तो समजून घ्यायला उत्तर अमेरिकेतली गोल्डनरॉड नावाची पिवळ्या फुलांची झुडपं बघावीत. हिवाळ्यात त्यांचे वाळलेले दांडे उभे असतात आणि काही दांड्यांना मध्येच गोटीएवढी गोल गाठ असते. त्या गाठीच्या बरोबर मध्यभागी एका माशीची अळी बसलेली असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा जाडी, पिवळसर पांढरी. ही अळी खरोखर गोठते, दगडासारखी टणक. पण तिने व्यवस्था अशी केलेली असते की बर्फ पेशींच्या बाहेरच्या द्रवात व्हावा, आत नाही. बाहेर बर्फ धरला की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसते, पण आतल्या ग्लिसरॉल आणि सॉर्बिटॉलमुळे ती पूर्ण चिरडली जात नाही. पेशीच्या आत बर्फाची सुई झाली तर ती सगळं फाडते, मारणारी गोष्ट ती आहे. आणि बघा, त्याच गोल्डनरॉडवर दुसऱ्या प्रकारची लांबट गाठ करणारी एका पतंगाची अळी असते, ती मात्र पहिल्या रस्त्याने जाते, अजिबात गोठत नाही. एकच झाड, तोच हिवाळा, दोन दांडे शेजारी शेजारी, आणि दोघींची उत्तरं विरुद्ध.

त्या माशीच्या अळीचं अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. शरद ऋतूतच ती गाठीच्या मध्यापासून बाहेरपर्यंत बोगदा खणते आणि शेवटची पापुद्र्याएवढी साल शाबूत ठेवून परत मध्ये जाऊन बसते. कारण वसंतात ती माशी होईल तेव्हा तिला चावायला तोंडच नसणार, तेव्हा खणायचं ते अळी असतानाच खणून ठेवलं पाहिजे. मग वसंतात माशी त्या बोगद्यातून येते, डोक्यावरची एक पिशवी फुग्यासारखी फुगवते आणि तो पापुद्रा ढकलून फोडते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेलं नव्हतं.

तुमच्या लिंबावरच्या जातीचं नेमकं रसायन मला माहीत नाही तरी लेकीला एवढं सांगा की आत नुसतं पाणी नाहीये, ती साखरेच्या भावंडांनी दाट केलेली शरबतासारखी गोष्ट आहे, आणि त्यात बर्फाला सुरुवात करून देणारी वस्तू जवळपास ठेवलेली नाही.

अंगणवेल · १२ जानेवारी

किती सुंदर लिहिलंय जुनी_वही दादा. पण मग सगळीच फुलपाखरं कोषातच थंडी काढतात का? मी एकदा भर हिवाळ्यात, जरा ऊन पडलं होतं त्या दिवशी, एक फुलपाखरू उडताना बघितलंय, आणि मला वाटलं हे बिचारं चुकून आलं.

कीटकमित्र · १२ जानेवारी

नाही नाही, चुकून नाही. प्रत्येक जातीची थांबायची पायरी ठरलेली असते. कोणी अंड्यात थांबतं, कोणी अळी म्हणून पालापाचोळ्यात, कोणी कोषात, आणि काही थेट फुलपाखरू म्हणूनच. युरोप-अमेरिकेतलं मोर्निंग क्लोक सालीच्या भेगेत पंख मिटून बसतं, मिटलेले पंख सालीसारखेच काळपट. युरोपातलं ब्रिमस्टोन आयव्हीच्या वेलीत लोंबतं आणि त्याचे मिटलेले पंख शिरांसकट पानासारखे दिसतात. अशी फुलपाखरं दहा-अकरा महिने जगू शकतात, जिथे बाकीच्यांचा खेळ काही आठवड्यांत आटोपतो. उबदार दिवशी एखादं उठतं, तेच तुम्ही पाहिलं असेल.

उडण्याआधी त्यांना छातीचे स्नायू तापवावे लागतात, साधारण तीसच्या आसपास अंश हवे असतात. म्हणून ती पंख पसरून उन्हाला बसतात, ऊन कमी असेल तर काही जण पंख जागच्या जागी थरथरवतात. ती थरथर म्हणजे भीती नव्हे, इंजिन गरम करणं चाललेलं असतं.

दूरदेशी · १३ जानेवारी

आणि काही सरळ निघून जातात. मोनार्क फुलपाखराचं नाव कोणी काढलं नाही अजून म्हणून मी काढतो.

उन्हाळ्यात जन्मलेलं मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतं. पण वर्षातली शेवटची पिढी, तीच जात, तेच रूप, ती आठ महिन्यांपर्यंत जगते, कारण दिवस लहान झाले की तिच्यात प्रजननाचा हार्मोन बंद राहतो, अंडी घालायचं काम पुढे ढकललेलं असतं. म्हणजे इथेही डायपॉजच आहे, फक्त बसून नाही तर उडत. कॅनडा-अमेरिकेतून काही जण ४००० किलोमीटरच्या वर उडून मध्य मेक्सिकोतल्या डोंगरात येतात, समुद्रसपाटीपासून साधारण ३००० मीटरवर ओयामेल फरची जंगलं आहेत तिथे. तिथल्या गावकऱ्यांना ती ठाऊकच होती, बाहेरच्या शास्त्रज्ञांना जागा कळली ती १९७५ च्या जानेवारीत. फांद्या वाकतील एवढी फुलपाखरं एकावर एक चिकटून बसलेली असतात.

आता गंमत अशी की त्यांना कडाक्याची थंडीही नको आणि उबही नको. फार थंडी पडली तर गोठतात, फार ऊब मिळाली तर चरबी लवकर संपते आणि परतीला काही उरत नाही. दाट जंगल रात्री पांघरुणाचं काम करतं आणि पावसात छत्रीचं. यातलं छत्रीचं काम जास्त मोलाचं आहे कारण ओलं फुलपाखरू कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर गोठतं, अंगावरच्या पाण्याचा बर्फ आतल्या द्रवाला बर्फाची सुरुवात करून देतो, जुनी_वही म्हणाले ते निमित्त. २००२ च्या जानेवारीत आधी पाऊस आणि मागोमाग कडक थंडी असं वादळ आलं आणि तिथल्या दोन मोठ्या वसाहतींमधली साधारण तीन चतुर्थांश फुलपाखरं मेली. जमिनीवर थर साचले होते. जंगलात झाडं तोडून भगदाड पाडलं की छत्रीलाच भोक पडतं, ते झाड कोणाच्या मालकीचं होतं हा प्रश्न त्या फुलपाखराला नसतो. मला याचा फार त्रास होतो, प्रामाणिकपणे सांगतो.

नवखा · १३ जानेवारी

मस्त चाललाय धागा. थंडीचं कळलं, पण उन्हाचं आणि दुष्काळाचं काय? आणि तो वॉटर बेअर का काय म्हणतात तो किडा अंतराळात पण जगतो ना?

जुनी_वही · १३ जानेवारी

वॉटर बेअर म्हणजे टार्डिग्रेड, तो कीटक नाही, त्याला आठ पाय असतात आणि त्याचं कुळच वेगळं. पण कीटकांतही त्याच्या तोडीचा एक आहे, आणि त्याची दखल फारच कमी घेतली जाते म्हणून जरा सांगतो.

आफ्रिकेत, उत्तर नायजेरियासारख्या कोरड्या भागात उघड्या खडकांवर उथळ खळगे असतात, पावसात त्यांत पाणी साचतं आणि ऊन पडलं की आटतं. तिथे चिलटासारखी एक माशी अंडी घालते, पॉलिपेडिलम वँडरप्लँकी. तिच्या अळ्या त्या गाळात राहतात. खळगा आटायला लागला की अळी पळून जात नाही, ती गाळ आणि लाळेची नळी करून त्यात बसते आणि दोनेक दिवसांत स्वतःला हळूहळू वाळवत नेते, अंगात तीन टक्क्यांच्या आसपासच पाणी उरतं. पाण्याच्या जागी ट्रेहॅलोज नावाची साखर भरते, ती काचेसारखी घट्ट होते आणि पेशींचे भाग जागच्या जागी धरून ठेवते. अळी सुरकुतलेली, हाताला लागली तर चुरा होईल अशी. अशा वाळलेल्या अळ्या १७ वर्षांनी पाण्यात टाकल्या तरी जिवंत झालेल्या आहेत. हॉवर्ड हिंटन या शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास त्यांना मिनिटभर १०० अंशांच्या वर तापवलं, द्रव हेलियममध्ये उणे २७० ला बुडवलं, आणि नंतर पाणी दिल्यावर त्या उठल्या. पाणी पडल्यावर तासाभरात अळी हलायला लागते. मात्र घाईघाईत वाळवली तर मरते, साखर बनवायला तिला वेळ मिळाला पाहिजे. तयारीला वेळ मिळाला तर अशक्य ते सोसतात, अचानक आलं तर साध्या गोष्टीने जातात, हे ताईंच्या कोषालाही लागू आहे.

उन्हाचं म्हणाल तर सहारातल्या रुपेरी मुंग्या बघा. भर दुपारी, जेव्हा त्यांना खाणारे सरडे बिळात गेलेले असतात तेव्हाच त्या बाहेर पडतात, फार तर दहा मिनिटं, उन्हाने मेलेले किडे गोळा करतात आणि धावत परत. अंगाचं तापमान ५३ अंशांच्या वर गेलं की त्या मरतात आणि त्या या रेषेच्या अगदी काठाला असतात. अंगावरचे केस आडव्या छेदात त्रिकोणी असतात, त्यामुळे ऊन आरशासारखं परतवलं जातं आणि अंगातली उष्णताही बाहेर फेकली जाते.

उन्हाळ्यात झोपणारेही असतात. ऑस्ट्रेलियातले बोगाँग पतंग वसंतात हजारेक किलोमीटर उडून डोंगरातल्या गार कपारींत जातात आणि आख्खा उन्हाळा तिथे भिंतीला चिकटून काढतात, एका चौरस मीटरवर १७,००० पर्यंत, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक.

दूरदेशी · १४ जानेवारी

पुराचं पण सांगून टाकतो. कॅनडात प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये हिवाळी झोपेतल्या राणी भुंग्या, बंबलबी, डब्यांत ठेवल्या होत्या आणि काही डब्यांत चुकून पाणी शिरलं. संशोधिकेला वाटलं संपलं सगळं, पाणी काढलं तर राण्या जिवंत. मग मुद्दाम प्रयोग केला, आठवडाभर पाण्याखाली ठेवूनही बहुतेक जगल्या, २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. या राण्या मातीत झोपतात, हिवाळ्यात पाणी साचणारच, मग ते सोसावंच लागणार. वसंतात दिसणारं त्यांचं प्रत्येक पोळं अशा एकट्या जगलेल्या राणीने सुरू केलेलं असतं, त्यामुळे बागेतली माती हिवाळ्यात उगाच उकरू नये असं मला मनापासून वाटतं.

अंगणवेल · १४ जानेवारी

मी दरवर्षी पानं झाडून, वाळलेले दांडे कापून बाग चकाचक करते. आता कळतंय की त्यात किती जण बसलेले असतील. यावर्षी वसंत पक्का लागेपर्यंत हात लावणार नाही.

कीटकमित्र · १४ जानेवारी

अंगणवेल, हे वाचून फार बरं वाटलं. एक अपवाद तेवढा करा, साचलेल्या पाण्याची भांडी. एडिस डासाची अंडी, डेंगीवाला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, काळ्या बारीक ठिपक्यांसारखी, आणि ती कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून दिलं की लोक निर्धास्त होतात, पुढच्या पावसात पाणी चढलं की तीच अंडी फुटतात. कडा घासून काढायच्या, त्याशिवाय उपयोग नाही.

आणि एक काळजीची गोष्ट. आपल्याला वाटतं हिवाळे उबदार झाले तर किड्यांचं बरंच होईल. उलट होतं. थंडीत थांबलेल्या जिवाचं खाणं बंद असतं, सगळा कारभार शिलकीवर. हवा जेवढी उबदार तेवढी शिल्लक भराभर जळते आणि वसंतात उठायच्या वेळी अंगात काही उरत नाही. जिथे बर्फ पडतो तिथे बर्फाची चादरही त्यांना हवी असते, तिच्याखाली जमीन शून्याच्या आसपास टिकून राहते, वर उणे वीस का असेना. ती चादर पातळ झाली की उबदार म्हणवणाऱ्या हिवाळ्यातच मातीतले किडे जास्त गारठतात.

पाकोळी · १५ जानेवारी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ब्रशने करून बघितलं, काठीवरचा कोष एकदा, अगदी एकदाच, पोटाचं टोक डावीकडे हलवून थांबला. तिने वहीत लिहिलं, "हलला. ७ वाजून १० मिनिटं." फांदीवरचा हलला नाही. दोघांनाही बाहेरच ठेवलंय, वर पुठ्ठ्याचं छप्पर केलंय आणि शेजारी एकेक खडबडीत काटकी रोवलीये.

पाकोळी · २७ मार्च

धागा वर काढतेय.

फांदीवरचा जो हलला नव्हता, त्याला मागच्या आठवड्यात टाचणीने केल्यासारखं एक भोक दिसलं आणि त्या भोकातून बारीक हिरवट चमकणाऱ्या माश्या एकामागून एक बाहेर येत होत्या, मुंगीहून लहान. मी मोजायला लागले आणि तीसनंतर सोडून दिलं. लेक रडली थोडी. मग तिनेच विचारलं, या एवढ्या थंडीत कुठे होत्या?

काठीवरचा परवा संध्याकाळी काळपट पडला, मला वाटलं हाही गेला. भिंगातून बघितलं तर सालीतून आतल्या पंखांवरचे पिवळे ठिपके दिसत होते. काल सकाळी सव्वाआठला डोक्याकडून तडकला, ओलं चुरगळलेलं काहीतरी बाहेर पडलं आणि सरळ त्या काटकीवर चढलं. वीसेक मिनिटांत पंख भरले, मग दोन तास नुसतं लोंबत बसलं होतं. सोंड दोन दोऱ्यांसारखी वेगळी असते आणि ते ती गुंडाळून-उलगडून जोडत राहतं हे मला आजवर माहीत नव्हतं. मग थरथरायला लागलं, आम्ही दोघी एकदमच म्हणालो, इंजिन गरम करतंय.

कीटकमित्र · २७ मार्च

वा ताई, वा!

लेकीला सांगा की त्या बारीक गांधीलमाश्यांची आई कोष नवाकोरा, मऊ असतानाच येऊन आत अंडी घालून गेली असणार, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटीच. तिची पिल्लं त्या सालीच्या आत अळ्या म्हणून थांबली होती, तोच हिवाळा, त्याच पुठ्ठ्याच्या छपराखाली. ब्रशला तो का हलला नाही याचं उत्तरही तेच.

मोकळी साल टाकू नका. जिथून तडकली ती जागा आणि ते भोक, दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून बघायला सांगा तिला. आणि तारीख मिळाली का ते कळवा, ऑक्टोबर ते मार्च नेमके किती दिवस?

पाकोळी · २७ मार्च

वहीप्रमाणे २९ ऑक्टोबर ते २६ मार्च. १४८ दिवस.